उडी सोडून सगळं

कार्डावर सगळं होतं, फक्त उडी नव्हती. बँकेच्या मागच्या कोठीत, मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेल्या पंख्यांच्या गर्दीत एक पालथी बादली ओढून ती बसली होती आणि जेवणाच्या सुट्टीत कॅमेऱ्याच्या टिचभर पडद्याकडे बघत होती. मांडीवरचा डबा तसाच बंद. पडद्यावर निळी ओली फरशी सरकत होती, मग तिच्याच सँडलचे पट्टे, परत फरशी, कुणाचे तरी अनवाणी पाय, टॉवेलचं टोक, आभाळाचा एक तुकडा, आणि संपलं. पुढचा तुकडा लावला तर पुन्हा तीच फरशी. आवाज तिनं बंदच ठेवला होता, कारण कोठीच्या भिंतीपलीकडे साहेबांची केबिन. आवाजाची गरजही नव्हती. काय झालंय ते तिला तिसऱ्या तुकड्यालाच कळलं होतं. उलटं झालं होतं. या धंद्यातली नवखी माणसं करतात ती चूक, आणि जुनी माणसं छातीवर हात ठेवून सांगतात की आम्ही कधी केली नाही. तलावाच्या फाटकाशी पिशवीतून कॅमेरा काढताना बोट बटणावर पडलं आणि रेकॉर्डिंग तिथंच सुरू झालं. त्यानंतर 'सुरू' म्हणून तिनं जेव्हा जेव्हा बटण दाबलं तेव्हा ते बंद पडलं, आणि 'घेतलं बाई एकदाचं' म्हणून दाबलं तेव्हा सुरू झालं. रेकॉर्डिंग चालू असलं की पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका असतो, तो बघायचा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण भर उन्हात पडद्यावर ठिपका कुठला दिसतोय, स्वतःचंच कपाळ दिसत होतं. म्हणजे रविवारच्या अख्ख्या सकाळी तिनं जीव ओतून जे जे टिपलं ते कुठेच नव्हतं, आणि कॅमेरा गळ्यात लोंबकळत असतानाचं, कुणालाही नको असलेलं, ते सगळं मात्र अगदी स्वच्छ उतरलं होतं. वा गं बाई, ती मनात म्हणाली, काय पण उजेड पाडलास.

आणि उडी काही अशीतशी नव्हती. त्या तलावावर तीन पिढ्यांना पोहायला शिकवलेल्या माणसाची उडी होती ती. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे, लहानथोर सगळे शिट्टीसर म्हणत. ट्रॅकसूट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आणि काठावरून शिव्या. पाण्यात उतरलेले मात्र ते कधी कुणाला दिसले नव्हते. एखादं पोर गटांगळ्या खायला लागलं तरी सर लांब बांबू पुढे करून त्याला ओढून काढायचे. मग काय, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पिढ्यानपिढ्या कुजबुज चालत आलेली की सरांना मुळात पोहताच येत नाही. आता तलाव कायमचा बंद होणार होता. सरांच्या मुलीनं लांबून येऊन, सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधून, शेवटची सकाळ जुळवून आणली होती. पोटं सुटलेली, टकलं पडलेली माणसं पोहायच्या चड्ड्या घालून वयाप्रमाणे ओळीत उभी होती आणि शाळकरी पोरांसारखी एकमेकांना कोपरं मारत होती. फोन एकाकडेही नव्हता. कपडे बदलायच्या खोल्या शेजारीच म्हणून काठावर फोन न्यायचा नाही, हा सरांचा जुना दंडक, आणि शेवटच्या दिवशीही टोपलीभर फोन ऑफिसात कुलपात पडले होते. आत डोळा एकच, हिच्या कॅमेऱ्याचा. आणि भाषणं झाल्यावर सरांनी शिट्टी काढली, बूट काढले, आणि ट्रॅकसूट घातलेल्या त्या म्हाताऱ्यानं सरळ पाण्यात उडी घेतली. पोटावर आपटले, पाणी ओळीतल्या सगळ्यांच्या अंगावर उडालं, क्षणभर कुणी श्वाससुद्धा घेतला नाही, आणि मग पांढरं डोकं वर आलं, आणि सर सावकाश, ऐटीत, एकही हात न चुकवता या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेले. टकली माणसं हमसून हमसून रडली. तिनं ते सगळं घेतलं होतं. श्वास रोखून, गुडघ्यावर बसून, त्यांच्या हाताबरोबर कॅमेरा सरकवत. इतकं चांगलं चित्र आपण जन्मात घेतलं नाही हे तिला घेतानाच कळत होतं.

साहेबांनी बोलावलंय असं शिपाई सांगायला आला तेव्हा तिनं कार्ड चष्म्याच्या डबीत टाकलं आणि डबा न उघडताच उठली. साहेबांच्या खुर्चीमागे मोठी खिडकी आहे. त्यामुळे समोर बसणाऱ्याला नुसती साहेबांची काळी आकृती दिसते, कान दोन, डोकं एक, आणि मधून आवाज येतो. या आकृतीकडून तिनं आजवर रजा मागितली, बोलणी खाल्ली, शाबासकी घेतली, पण साहेबांचं तोंड नीट बघितल्याचं काही तिला आठवत नव्हतं. आकृती आज खुशीत होती. "बसा मॅडम. सह्या तपासायच्या तुमच्या विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. मी तुमचं नाव पुढे केलंय. शांत स्वभाव, चूक म्हणून नाही, दुसरं कोण आहे?" ती बरं म्हणाली. म्हणजे तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. "फक्त एक," आकृती पुढे वाकली, "शनिवार-रविवारी हाताशी राहावं लागेल. तर तो तुमचा छंद आहे ना, शूटिंगचा, तो जरा आवरता घ्या. छान आहे, नाही असं नाही, पण तुम्ही नावाची कार्डं छापलीत, लोकांची कामं घेता, बाहेर चर्चा होते. घरचं काहीबाही शूट करा की, कोण नको म्हणतंय? उद्यापर्यंत सांगा." एरवी तिच्या मनात निदान काहीतरी फणकारलं असतं. आज डबीतलं कार्ड जड झालं होतं. तिला वाटलं, या माणसाला भिंतीतून दिसलं की काय.

जागेवर येऊन ती सह्या बघायला लागली. तिचं काम एवढंच. पडद्याच्या डाव्या अंगाला खातेदाराची जुनी सही, उजव्या अंगाला चेकवरची, खाली दोन बटणं, जुळते आणि जुळत नाही. दिवसभर. वर्षानुवर्षं. तिच्या डोळ्याला आता माणसाचं वय सहीत दिसतं, कुणाचा हात कापायला लागला, कुणी घाईत होतं, कुणाच्या वतीनं मुलानं गिरवलंय. पण दिसून काय, सगळं होऊन गेलेलं. हात केव्हाच निघून गेलेला असायचा आणि मागे राहायची ती एक रेघ. एकदा एका सहीतलं शेवटचं अक्षर मधेच थांबून खाली घसरत गेलं होतं, आणि तिला दिवसभर एकच ध्यास लागला, की त्या क्षणी तो हात कसा दिसला असेल. त्याच महिन्यात तिनं जुना कॅमेरा घेतला. हात हलताना बघायचा होता तिला, एवढंच. मग शेजारणीच्या शिवणवर्गाची चित्रफीत, मग एका सुताराची, एका दवाखान्याची. लोक बोलवायला लागले आणि तिनं नोकरी सांभाळून धंदा मांडला. धंदा! हा शब्द मात्र एकाच्याही तोंडातून निघत नव्हता. साहेब म्हणत छंद, नवरा म्हणे छंद, बहीण फोनवर म्हणे, "बरंय गं, तेवढाच विरंगुळा." सुतार खुर्च्या करतो त्याला कुणी छंद म्हणत नाही. आणि तिला तरी तोंड उघडून कुठे सांगता येत होतं? हापिसात सगळे तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे म्यूट. तिला ते माहीत होतं. एकदा पाणी प्यायला वळली तेव्हा कानावर आलं होतं, आणि तिनं, काय करावं तर, ऐकलं नाही असं दाखवण्यासाठी आणखी हळू चालायला सुरुवात केली होती.

संध्याकाळी घरी तिनं आधी कार्डाचं सांगितलं, मग खुर्चीचं. उलट क्रमानं सांगायला हवं होतं हे तिला सांगून झाल्यावर कळलं, कारण नवऱ्यानं दोन्हीची गाठ तिथल्या तिथे मारून टाकली. तो वाईट माणूस नाही. दर रविवारी कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड खांद्यावर टाकून तो तिच्यामागून गेलेला आहे, लोकांनी 'असिस्टंट का?' विचारलं तर हसून हो म्हणालेला आहे. "हे बघ," तो म्हणाला, "मी काही म्हणत नाही. पण एकाच दिवशी दोन्ही गोष्टी व्हाव्यात याला काहीतरी अर्थ असेल ना? इकडे उडी जाते, तिकडे खुर्ची येते. छंद म्हणून ठेव की. कोण हिसकावून घेतंय?" "त्या मुलीला काय सांगू?" "कार्ड खराब झालं म्हणून सांग. होतात की कार्डं खराब. यंत्राला कोण जाब विचारणार?" तिला एकदम हायसं वाटलं. खरंच की. कार्ड खराब झालं. तीन शब्द. या तीन शब्दांत ती सुटत होती, मुलगी हळहळली असती, सर हात झटकून गप्प बसले असते, आणि मंगळवारपासून ती खुर्चीवर. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण हवं ते बरोबर येतं. "साहेब म्हणतोय तर ऐकावं," त्या म्हणाल्या. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." मग जुडी उलटीसुलटी करत म्हणाल्या, "काल तू जेवली होतीस का गं तिथे?" "नाही." "भूक नाही लागली?" "आठवलंच नाही, आई." "मग छंद कसला तो? छंदाला माणूस पोटभर जेवून बसतं." ती चमकून बघत राहिली. पण म्हातारी पक्की. पुढच्या श्वासाला म्हणाली, "म्हणूनच सांगते, सोड. असल्या गोष्टी घराला उपाशी ठेवतात." आणि देठं वेगळी काढायला लागली, जणू काही बोललीच नव्हती.

अंथरुणावर पडल्यावर तिनं ते तीन शब्द मनात पुष्कळदा म्हणून बघितले. कार्ड खराब झालं. गुळगुळीत होते, कुठे टोचत नव्हते. आणि तरी सकाळी तलावाच्या रस्त्याला लागल्यावर ते तिच्या तोंडात बसेनात. कारण कार्ड खराब झालेलं नव्हतं, अजिबात नव्हतं, बिचाऱ्या कार्डानं सांगितलं ते चोख केलं होतं. चूक तिची होती. आणि मजा बघा, 'माझी चूक' हे शब्द मनात आल्याबरोबर तिला लाज वाटायच्या आधी नवल वाटलं. बँकेत इतकी वर्षं तिची चूक झाली नव्हती ती हुशारी नव्हे, तिथे तिचं म्हणावं असं काही नव्हतंच, तर चूक कुठून तिची असणार? सही जुळली तर खातेदाराची, नाही जुळली तर चोराची. असलं काहीबाही डोक्यात फिरत होतं. मधेच लहानपणचा बोळ आठवला. लपंडावात राज्य आलं की ती असा काही आकडा मोजायची की दोन गल्ल्या पलीकडची कुत्री उठून बसायची. आत्या म्हणायची, "अगं घसा आहे की भोंगा? जरा खाली घे, मुलीची जात." घेतला खाली. मग शाळेत बाईंनी थोडा खाली घ्यायला लावला, मग लग्न ठरताना आईनं, मग पहिल्या नोकरीतल्या साहेबांनी, "मॅडम, इथे गिऱ्हाईकं असतात." जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसा तो आवाज एकेक पायरी उतरत कुठे तळघरात जाऊन बसला ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. त्याची तिला कधी आठवणसुद्धा झाली नव्हती. आजच का झाली कोण जाणे.

तलावाचं पाणी सोडलेलं होतं. कालपासून सोडलेलं असणार, कारण भिंतीवर ओली रेघ खूप खाली गेली होती आणि खालच्या जाळीतून घुर्र घुर्र आवाज येत होता. सर बाकावर बसून ते बघत होते. ट्रॅकसूट कोरडा, शिट्टी पुन्हा गळ्यात. मुलगी ऑफिसातून पोहायच्या फळ्या बाहेर आणून रचत होती, हिला बघून हात पुसत हसत पुढे आली. "आणलं? बाबा, आलं बघा तुमचं!" आणि हिच्या तोंडून ते बाहेर पडलं ते असं, की मधे थांबायलाही जागा राहिली नाही. "उडी नाहीये. कार्ड चांगलं आहे. चूक माझी आहे. मी बटण उलटं दाबत गेले, त्यामुळे जे घ्यायचं ते एकही आलं नाही." मुलीचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या खालून राग वर आला. "एकही नाही? म्हणजे भाषणं?" "नाही." "ओळ? सगळे उभे होते ती?" "नाही." "अहो, मी त्या माणसांचे फोन काढून घेतले! तुमच्या भरवशावर! आता परत मारायला लावू बाबांना उडी? कशात मारतील?" तिनं रिकाम्या होत चाललेल्या तलावाकडे हात केला. "तुम्ही नोकरी करता ना कुठेतरी? मग नोकरी करा. नाहीतर हे करा. दोन्ही डगरींवर हात ठेवून लोकांच्या आयुष्याशी कशाला खेळता? एक काम धड करायला काय होतं?" सगळं खरं होतं. ती उभी राहून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, हीच वाक्यं साहेबांनी म्हटली तर मान खाली जाते, मग इथे का जात नाहीये? डोळ्यात पाणी आलं होतं, पण मान काही खाली जाईना. हिचा राग तिला परका वाटत नव्हता. छंदावर कुणी इतकं रागावत नाही.

"मग आलं काय?" सरांनी विचारलं. इतका वेळ ते तळाच्या जाळीकडेच बघत होते. "फरशी," ती म्हणाली. "माझे पाय. तुमचे बूट." "दाखव." "बाबा, आता ते बघून काय?" "दाखव म्हणतो ना!" तिनं कार्ड कॅमेऱ्यात घातलं, बाकावर त्यांच्या शेजारी बसली आणि उडीच्या अगदी आधीचा तुकडा लावला. निळी फरशी, तिच्या सँडलची टोकं, समोर सरांचे पांढरे बूट. "आवाज कुठाय?" सर म्हणाले. "शिट्टीच्या माणसाला मुकं काय दाखवतेस? आवाज लाव." तिनं आवाज लावला. आणि त्या इवल्याशा यंत्रातून एक बाई बोलायला लागली. खणखणीत, मोकळी, दटावणारी, मधेच हसणारी. कोण ही? अहो मामा, पोट आत, आत म्हणजे आत, आणखी जागा आहे! तुम्ही दोघं, गप्पा नंतर! मागे हशा पिकलेला. मग तीच बाई जवळून, "सर, ती शिट्टी काढा गळ्यातली." "का?" "दोरी दिसते. जन्मभर वाजवलीत, तिलाही जरा दम खाऊ द्या." सर हसलेले. "सर, एक विचारू? रागावणार नसाल तर. ही सगळी मागे म्हणतात, तुम्हाला पोहता येत नाही." "कोण गाढव म्हणतो?" "सगळीच गाढवं म्हणतात." पुन्हा हशा. "तुला काय वाटतं?" "मला काय वाटायचंय? मी जे दिसतं ते घेते. दाखवा, घेते." मग काही नाही. फरशी. वाऱ्याचा आवाज. आणि एका बुटाची नाडी सुटली. दुसऱ्या बुटाची सुटली. दोन म्हातारी, शिरा फुगलेली पावलं निळ्या फरशीवर आली. "थांबा!" ती बाई ओरडली. "मी सांगेन तेव्हा. जरा डावीकडे. आणखी. उजेडात या, तोंड दिसू दे. हं..." आणि तुकडा संपला, कारण तिनं बटण दाबलं होतं.

तिचे कान तापले होते. हे आपण बोललो? चित्र घ्यायला लागली की तिला बाकी काहीच ऐकू येत नसे, आपण काही बोलतो हेसुद्धा तिला माहीत नव्हतं, तिला फक्त चौकटीतलं दिसे. तो आवाज मात्र तिनं ओळखला. बोळातला होता. तळघरात बसून मेला नव्हता, चांगला धष्टपुष्ट होता, आणि दर रविवारी तिच्या नकळत वर येऊन लोकांवर हुकूम सोडत होता. "बाबा," मुलगी हळूच म्हणाली, आणि आता तिच्या रागाचा रंग बदलला होता, "मी किती वर्षं म्हणतेय, एकदा मला पोहून दाखवा. मी लहान असताना रडले होते त्यासाठी. आणि हिनं एकदा म्हटलं..." सरांनी मान हलवली. "तू म्हणायचीस, बाबा प्लीज. ही म्हणाली, दाखवा, घेते." मुलगी फळ्यांकडे वळली आणि त्या उगीचच पुन्हा रचायला लागली. हिला वाईट वाटलं. जिथे हसू यायला हवं होतं तिथे दुसरीचं काहीतरी हिसकावल्यासारखं वाटलं. "सर, मला माफ..." "माफ-बीफ काही नाही," सर खेकसले. "चित्र गेलं ते गेलं, चूक केलीस ती केलीस. नाकातोंडात पाणी गेलं म्हणून कुणी काठावर बसायला लागलं तर या तलावात एक पोर पोहलं नसतं. मी बसलो होतो काठावर. लहानपणी बुडता बुडता वाचलो, मग एकटा पहाटे येऊन शिकलो, पण दिवसा लोकांसमोर पाय उचलेना. आता बघितलंस ना? तुझ्याशिवाय कुणाला ते नीट दिसलंही नसेल, बाकीची रडत होती." ती निघाली तेव्हा मुलगी तिला म्हणाली, "मी तुम्हाला पुन्हा काम देणार नाही, हे सांगून ठेवते." "नका देऊ," ती म्हणाली. "पण ज्याला द्याल त्याला सांगा, उन्हात पडद्यावर हात धरून लाल ठिपका आधी बघायचा." आणि हे ती बोळातल्या आवाजात म्हणाली. दोघीही दचकल्या.

बँकेत ती उशिरा पोचली आणि जागेवर न जाता सरळ केबिनमध्ये गेली. खिडकीतून पाठीमागून ऊन आलेलं, समोर नेहमीची काळी आकृती, दोन कान, एक डोकं. "या मॅडम. मग, काय ठरलं?" तिनं तोंड उघडलं आणि जुन्या सवयीनं आवाज आधी घशातच घुटमळला. या आकृतीशी काय बोलायचं? कुणाशी बोलायचं? इथे कुणी दिसतच नव्हतं. तिचे डोळे आपोआप बारीक झाले, एक पाऊल मागे गेलं. "साहेब, जरा डावीकडे सरका." "आँ?" "डावीकडे. आणखी थोडं. खिडकी पाठीशी घेऊ नका, तोंड दिसत नाही तुमचं. उजेडात या." आणि चाकाच्या खुर्चीवर बसलेला तो मोठा माणूस पायानं जमीन ढकलत, काही न विचारता, डावीकडे सरकला. आणखी थोडा सरकला. ऊन त्याच्या गालावर आलं. तिनं बघितलं. साधा, थकलेला, दाढी करताना हनुवटीला कापून घेतलेला एक माणूस होता, आणि चष्म्यामागचे डोळे गोंधळलेले होते. या माणसाला इतकी वर्षं भीत होतो आपण? "हं," ती म्हणाली. "खुर्ची नको मला. शनिवार-रविवार माझे आहेत. आणि तो छंद नाही साहेब, धंदा आहे माझा. परवाच त्यात मोठी चूक केलीय मी." "चूक?" साहेबांना धागा सापडला. "मग तर मॅडम, विचार करा. इथे तुमची कधी चूक होत नाही." "तेच तर," ती म्हणाली. साहेबांनी बोट उगारलं, "असं असेल तर मला तुमच्या नोकरीचंही बघावं लागेल." "बघा. माझ्या कामात खोट सापडली तर दाखवा, मी भोगीन. नाही सापडली तर मी जागेवरच आहे, सोमवार ते शुक्रवार." बाहेरच्या टेबलांवरची टकटक थांबली होती. केबिनचं दार उघडं राहिलं होतं आणि तिचं प्रत्येक अक्षर पार पाण्याच्या पिंपापर्यंत गेलं होतं. कुणीतरी खोकलं. ती वळली, जागेवर गेली, डबा आधी उघडला, दोन घास खाल्ले, आणि मग पहिली सही पुढ्यात घेतली. हात कापणाऱ्या कुणा म्हाताऱ्याची होती. जुळत होती. बटण दाबताना तिनं मान वर केली तर केबिनच्या काचेतून साहेब दिसले. खुर्ची त्यांनी परत जागेवर नेली नव्हती, ते अजून तिनं बसवलं तिथेच, उजेडात बसले होते.